‘डिझ्मल’ कोण कशाला म्हणतो?

इंग्रजी भाषेत अंधारासाठी आणि उदासीसाठी शब्दांची वाण नाही. डार्क आहे, ग्लूमी आहे, ब्लीक आहे, ड्रिअरी आहे. याच भावकीतला आणखी एक शब्द म्हणजे डिझ्मल. स्पेलिंग डी, आय, एस, एम, ए, एल. मात्र त्यातल्या ‘एस’चा उच्चार ‘झ’ असा करायचा. आपल्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकात हा शब्द फारसा येत नाही. पण इंग्रजी वर्तमानपत्र उघडले की तो भेटतोच, आणि कचेरीच्या कागदांत तर पावलोपावली भेटतो. आपली मुलेमुली आता स्पर्धा परीक्षांना बसतात, मुलाखतींना जातात, इंग्रजीतून आलेली पत्रे घरी वाचून दाखवतात. तेव्हा या एका शब्दाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

मी व्यवसायाने कारकून. वसुलीचे तक्ते तयार करणे आणि ते वर पाठवणे यातच माझे दिवस जातात. तक्ता परत येताना कोपऱ्यात साहेबांचा शेरा असतो : ‘रिकव्हरी इज डिझ्मल.’ म्हणजे वसुली फारच कमी, लाज वाटावी इतकी कमी. पहिल्यांदा हा शेरा वाचला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. डिक्शनरीत पाहिले तर तिथे अंधार, उदासी, निराशा असे अर्थ दिलेले. वसुलीचा आणि अंधाराचा संबंध काय, हे तेव्हा कळले नाही. पण शब्द लक्षात राहिला.

पुढे हाच शब्द आमच्या वस्तीत येऊन उभा राहिला. संध्याकाळी आम्ही काही कार्यकर्ते मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. एका वर्षी वस्तीजवळच्या शाळेचा दहावीचा निकाल पडला. निम्म्याहून कमी मुले पास झाली. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने अहवालात इंग्रजीत लिहिले की निकाल डिझ्मल आहे. त्या अहवालाची झेरॉक्स कुठून तरी वर्गात आली. आमच्या वर्गातली नववीतली एक मुलगी ती घेऊन माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, “काका, अर्थ मी पाहिला. पण यांना निकाल वाईट म्हणायचंय, की आम्ही?”

तिची आई चार घरी धुणीभांडी करते, वडील हमाली करतात. प्रश्न साधा होता, पण तो नुसत्या शब्दार्थाने सुटणारा नव्हता. म्हणून मी या शब्दाच्या मागे लागलो. जे हाती लागले ते सांगतो.

आधी वापर पाहू. डिझ्मल या विशेषणाला दोन अंगे आहेत. पहिले अंधाराचे आणि उदासीचे. आठवडाभर सूर्य दिसलेला नाही, आभाळ कुंद आहे, कपडे वाळत नाहीत, अशा दिवसाला इंग्रज माणूस डिझ्मल डे म्हणतो. ओल आलेली, खिडकी नसलेली, दिवसाही दिवा लावावा लागतो अशी खोली, ती डिझ्मल रूम. मराठीत आपण भकास म्हणतो, उदासवाणी म्हणतो, तोच हा भाव. दुसरे अंग फार वाईट, अगदीच टाकाऊ असे. डिझ्मल परफॉर्मन्स म्हणजे लाजिरवाणी कामगिरी. डिझ्मल फेल्युअर म्हणजे सपशेल अपयश. आज वर्तमानपत्रांत आणि कचेऱ्यांत या दुसऱ्या अंगाचाच वापर जास्त दिसतो.

त्याच्या भावकीतल्या शब्दांपासून तो वेगळा कसा, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. डार्क म्हणजे नुसता उजेड नसणे. त्यात दुःख असेलच असे नाही. सॅड म्हणजे दुःखी. तो माणसाच्या मनाला लागतो. ग्लूमी हा खोलीलाही चालतो आणि माणसाच्या चेहऱ्यालाही. डिझ्मल मात्र बहुतेक वेळा हवेला, जागेला, बातमीला, परिस्थितीला, निकालाला लावतात. ज्याच्या घरी मयत झाली आहे त्या माणसाला आपण सॅड म्हणू. त्याला डिझ्मल म्हटले तर ते सांत्वन राहत नाही, त्याचा अपमान होतो.

कारकून म्हणून मला यातली आणखी एक गोष्ट खटकते. या शब्दात आकडा नाही. पास किती, नापास किती, शिक्षकांची पदे किती, भरलेली किती, यातले काहीच तो सांगत नाही. तो एकदम निवाडा देतो. त्या अहवालात नेमके हेच झाले होते. गणिताचे पद वर्षभर रिकामे होते, ही गोष्ट त्यात कुठेच नव्हती. मग आम्ही पालकांच्या सह्यांचा एक अर्ज तयार केला. पदे किती, रिकामी कधीपासून, गणिताचे तास किती झाले, हे सगळे तारखांनिशी लिहिले. मुलींच्या संडासाला दार नव्हते आणि तिथे दिवाही नव्हता. त्या जागेचे वर्णन करताना आम्ही डिझ्मल हा शब्द एकदाच वापरला. तिथे तो दोन्ही अर्थांनी बरोबर बसत होता. उत्तर यायला चार महिने लागले. तासिका तत्त्वावर गणिताचा एक शिक्षक आला, संडासाला दारही लागले.

आता या शब्दाचा जन्म पाहू. तो आपल्या वाचकांना विशेष ओळखीचा वाटेल.

लॅटिन भाषेत ‘दिएस माली’ म्हणजे वाईट दिवस. त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये ‘दिस माल’ झाले आणि तिथून तो इंग्लंडात गेला. मध्ययुगात युरोपातल्या पंचांगांत महिन्याला दोन याप्रमाणे वर्षाचे २४ दिवस अशुभ म्हणून नोंदवलेले असत. इजिप्तच्या ज्योतिष्यांनी हे दिवस शोधून काढले असा समज होता, म्हणून त्यांना इजिप्शियन दिवसही म्हणत. त्या दिवशी नवे काम सुरू करायचे नाही, प्रवासाला निघायचे नाही, आजाऱ्याचे रक्त काढायचे नाही. त्या काळी रक्त काढणे हा वैद्यांचा मोठा उपचार होता. म्हणजे डिझ्मल हे मुळात विशेषण नव्हते. ते या अशुभ दिवसांचे नाव होते. पुढे लोक मूळ अर्थ विसरले आणि ‘डिझ्मल डेज’ म्हणू लागले. आपल्याकडे पिवळे पीतांबर म्हणतात किंवा गाईचे गोमूत्र म्हणतात, तशातला हा प्रकार. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दिवस मागे पडले आणि जे जे अंधारे, उदास, भीतिदायक ते डिझ्मल, असा आजचा अर्थ रूढ झाला.

वाचकांनी इथे थोडा विचार करावा. त्या २४ दिवशीही सूर्य रोजच्यासारखाच उगवत होता. शेतात पीक तसेच वाढत होते. त्या दिवशी वेगळा असा अंधार कुठे पडत नव्हता. अंधार होता तो पंचांगाच्या कागदावर, आणि तो तिथे लिहिणाऱ्याने लिहिला होता. ज्याचे पोट हातावर आहे त्याला महिन्यातले दोन दिवस हात बांधून बसणे परवडले असेल का? आपल्याकडेही अमावास्या आणि पंचक पाहून कामे खोळंबवणारे लोक आहेत. पण गिरणीचा भोंगा कधी तिथी पाहून वाजला नाही.

या शब्दाची दुसरी गोष्ट मला बी.कॉम.मुळे माहीत झाली, पण अर्धीच. अर्थशास्त्राला इंग्रजीत ‘डिझ्मल सायन्स’ म्हणजे उदासवाणे शास्त्र असे टोपणनाव आहे. त्याचे कारण बहुतेक ठिकाणी असे सांगतात की माल्थसने १७९८ साली एक निबंध लिहिला. लोकसंख्या वाढते त्या वेगाने अन्न वाढत नाही, म्हणून गरिबी आणि उपासमार टळत नाही, असे त्यात होते. एवढे निराश बोलणारे शास्त्र म्हणून ते डिझ्मल. परीक्षेत हे लिहिले तर मार्क मिळतात. पण खरी हकीकत वेगळी आहे.

हे टोपणनाव थॉमस कार्लाइल या स्कॉटिश लेखकाने दिले. त्या काळात त्याचे नाव फार मोठे होते. माल्थसच्या मतांवर त्याने आधी टीका केलेली होती हे खरे, पण ‘डिझ्मल सायन्स’ हे शब्द आले ते डिसेंबर १८४९ मध्ये लंडनच्या ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये छापून आलेल्या लेखात. लेखावर त्याचे नाव नव्हते. लेखाचा विषय होता वेस्ट इंडीज बेटांवरचे काळे लोक.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. त्या बेटांवर उसाचे मळे होते आणि मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत होते. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. तो १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. तरी शिकाऊ मजूर या नावाखाली बहुतेकांना १८३८ पर्यंत मालकाकडेच राबावे लागले. सरकारने नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले, ते मालकांना. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट घाम गाळला त्यांना एक पेनीही मिळाली नाही. सुटका झाल्यावर अनेकांनी आपापल्या तुकड्यावर भाजीपाला, कंदमुळे लावली. मळ्यावर जायचे तर रास्त मजुरी द्या, असे ते म्हणू लागले. मळेवाले ओरडू लागले की हे लोक आळशी झाले.

कार्लाइलने मळेवाल्यांची बाजू घेतली. काळ्या माणसाचा जन्म शहाण्या गोऱ्याची चाकरी करण्यासाठी आहे आणि तो आपखुशीने राबत नसेल तर त्याला चाबकाने राबवावे, असा त्याच्या लेखाचा सूर होता. अर्थशास्त्रज्ञ म्हणत होते की मजुरी, मागणी आणि पुरवठा यांवर काम ठरू द्या. योग्य मोबदला मिळाला तर माणूस काम करतो, मग त्याचा रंग कोणताही असो. मालकाच्या हातातला चाबूक काढून घेऊन तिथे मजुरीचा दर ठेवणारे हे शास्त्र कार्लाइलला रुचले नाही, आणि त्याने त्याला डिझ्मल म्हटले.

त्याला उत्तर दिले जॉन स्टुअर्ट मिल यांनी. हे मोठे अर्थशास्त्रज्ञ. पण पोटासाठी १८२३ साली लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत कारकून म्हणून लागलेले आणि १८५८ पर्यंत तिथेच नोकरी केलेले. जानेवारी १८५० मध्ये त्याच मासिकात त्यांनी लिहिले की एक माणूस जन्मानेच दुसऱ्याचा चाकर असतो हे म्हणणे खोटे आहे. माणसामाणसांत जो फरक दिसतो तो परिस्थितीने पडतो, तो रक्तात असतो असे मानायला आधार नाही. याच मिल यांना हिंदुस्थानचे लोक स्वराज्याला लायक वाटत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पण या वादात ते माणसाच्या बाजूने उभे राहिले.

हा वाद कागदावरच राहिला नाही. ऑक्टोबर १८६५ मध्ये जमैका बेटावर मोरंट बे येथे गरीब काळ्या शेतकऱ्यांनी उठाव केला. गव्हर्नर एअर याने लष्करी कायदा लावला. चारशेहून अधिक माणसे मारली गेली, शेकडोंना फटके मारले, सुमारे हजार घरे जाळली. एअरवर खटला भरावा म्हणून लंडनमध्ये समिती झाली. तिचे नेतृत्व मिल यांच्याकडे होते. एअरला वाचवण्यासाठी दुसरी समिती झाली. तिच्या पुढे कार्लाइल होता. एअरला शिक्षा झाली नाही. ‘डिझ्मल सायन्स’ हे शब्द आज कुणी गमतीने वापरतात, कुणी परीक्षेपुरते पाठ करतात. ते कोणत्या लेखात जन्मले हे फार थोड्यांना ठाऊक असते.

याच अर्थशास्त्राचा अभ्यास बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात केला. त्याच अमेरिकेत आपल्या शब्दाची तिसरी खूण आहे, आणि ती नकाशावर आहे.

व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन राज्यांच्या सीमेवर एक अफाट दलदल आहे. तिचे नावच ‘ग्रेट डिझ्मल स्वाम्प’, म्हणजे मोठी भकास दलदल. त्या भागात दलदलीच्या जमिनीला डिझ्मल असेच म्हणत. मधोमध ड्रमंड नावाचे तळे आहे. झाडांच्या साली-पाल्याचा अर्क उतरून त्याचे पाणी चहासारखे काळपट दिसते. साप, डास, अस्वले, माणूस दिसणार नाही अशी दाट झाडी. १७२८ साली सीमा आखताना विल्यम बर्ड नावाचा एक बडा जमीनदार तिथे गेला आणि त्याने या जागेबद्दल वाईटच लिहून ठेवले. पुढे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज वॉशिंग्टन १७६३ साली या दलदलीत गेले आणि ती कोरडी करून शेती करणाऱ्या कंपनीत भागीदार झाले. कंपनीने कामाला गुलाम लावले. १७९३ ते १८०५ या काळात दलदलीतून कालवा खणला गेला, तोही गुलामांकडूनच.

या कालव्यावर मोझेस ग्रँडी नावाचा एक गुलाम नावाडी होता. १८४३ साली त्याची आत्मकथा लंडनमध्ये छापून निघाली. कंबरभर चिखलपाण्यात उभे राहून माणसे कशी खणत होती, हे त्यात आहे. त्याने जादा काम करून पैसा पैसा जमवला आणि मालकाला देऊन स्वतःला विकत घेतले. मालकाने पैसे घेतले आणि त्यालाच दुसऱ्याला विकले. त्याने पुन्हा पैसे भरले, पुन्हा फसवणूक झाली. तिसऱ्यांदा पैसे भरले तेव्हा कुठे तो मोकळा झाला.

ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्यातले काही जण पळाले आणि थेट त्या दलदलीत शिरले. आत मध्ये कोरड्या जमिनीची बेटे होती. तिथे त्यांनी खोपी बांधल्या, थोडेफार पिकवले. दलदलीत लाकडी कौले पाडणारे गुलाम मजूर होते, त्यांना चोरून कौले पाडून द्यायची आणि बदल्यात धान्य, कपडे घ्यायचे, असा व्यवहार चाले. यादवी युद्ध संपून १८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी गेली, तोवर पिढ्यान्‌पिढ्या माणसे तिथे राहिली. काही मुलांचा जन्मही तिथेच झाला. अलीकडे डॅनियल सेयर्स या पुरातत्त्वज्ञाने त्या बेटांवर उत्खनन केले. खांब रोवल्याच्या खुणा, चिलमीचे तुकडे, दगडी हत्यारे अशा लहान लहान वस्तू सापडल्या. १९७४ पासून हा भाग राष्ट्रीय अभयारण्य आहे.

ते जगणे सुखाचे होते असे कुणी समजू नये. उपासमार होती, आजार होते, पाठलाग करणारी कुत्री होती. तरीही माणसे आत राहिली, कारण बाहेरचे मळे हिरवेगार असले तरी तिथे चाबूक होता. जमीनदाराला ती दलदल भकास वाटली कारण त्याला तिच्यातून पीक काढता येत नव्हते. पळालेल्या माणसाने तिचे नाव ठेवायचे ठरवले असते तर ते काय ठेवले असते?

जोतीराव फुले यांना या माणसांची किंमत कळली होती. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढले, ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांनी सातासमुद्रापलीकडचे हे नाते ओळखले.

तर बंधुभगिनींनो, पंचांग लिहिणाऱ्याने दिवसाला डिझ्मल म्हटले, चाबकाची बाजू घेणाऱ्याने शास्त्राला म्हटले आणि जमीनदाराने दलदलीला म्हटले. तिन्ही वेळा म्हणणाऱ्याच्या हातात लेखणी होती. म्हणून हा शब्द वाचला की आपल्या मुलांनी तीन गोष्टी विचारायची सवय लावून घ्यावी : कोण म्हणतो? कशाला म्हणतो? आणि पुढे आकडे, कारणे दिली आहेत का? आकडे आणि कारणे असतील तर शब्द मान्य करावा आणि कामाला लागावे. निकाल वाईट असेल तर तो वाईटच म्हणावा. त्यावर पांघरूण घालून आपलेच नुकसान होते. पण नुसता शब्द असेल तर आकडे मागावेत. आपणही अर्ज लिहिताना हाच नियम पाळावा. गटार तुंबले असेल, दवाखान्यात औषध नसेल, जिन्यात दिवा नसेल, तर डिझ्मल जरूर लिहावे, आणि त्याच्याखाली तारीख-वार तपशील द्यावा.

व्याकरणात शिकवतात की विशेषण वाचले की ते कोणत्या नामाला लागले आहे ते आधी पाहावे. अहवालात ते निकालाला लागले होते. पद भरले, तास झाले, दिवा लागला की निकाल बदलतो. ते विशेषण मुलांना कुणी लावू नये. घरात रागाच्या भरात आपणही लावू नये.